मित्र, कुत्रं आणि शिडाची बोट: कॅरिबियन बेटांवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आम्ही चार मित्र आणि चिमी नावाची साडेसहा किलोची कुत्री, असे पाच जीव मार्चमध्ये १२ मीटरच्या शिडाच्या बोटीवर अडीच आठवडे राहिलो. मार्टिनिकहून डॉमिनिका, तिथून ले सँत ही छोटी बेटं आणि ग्वाडलूप, आणि त्याच वाटेने परत. बोट आमच्यातल्याच एकाची, ती मार्टिनिकच्या ल मारँ बंदरात असते. मी आणि चिमी न्यू जर्सीहून गेलो, बाकीच्यांत एक पुण्याहून आला होता.

आमचा पहिला बेत वेगळा होता. मार्टिनिकहून दक्षिणेला सेंट लुसिया, ग्रेनेडीन्स, ग्रेनाडा असा नकाशा आखून, सुट्ट्या मंजूर करून, सगळं झाल्यावर आम्ही कुत्र्याचे नियम वाचायला घेतले आणि दोन संध्याकाळींत तो बेत मोडला. म्हणून पहिलीच गोष्ट सांगतो: कुत्रं बरोबर असेल तर आधी त्याचे कागद, मग बेटं, मग तारखा. हा क्रम उलटा केलात तर पुढचं सगळं पुन्हा करावं लागतं.

१. कुत्र्याचे कागद (किमान चार महिने आधी)

कॅरिबियन म्हणजे एक देश नाही. दर ३०-४० सागरी मैलांवर नवा देश, नवं कस्टम्स आणि कुत्र्यांचे नवे नियम. त्रिनिदाद आणि बार्बाडोस अतिशय कडक आहेत. काही बेटांवर बाहेरून आलेल्या कुत्र्याला किनाऱ्यावर पाय ठेवता येत नाही, त्याला नांगरलेल्या बोटीवरच राहावं लागतं. माणसं उतरून समुद्रकिनारी जेवताहेत आणि कुत्रं उन्हात बोटीवर एकटं, हे आम्हाला मान्य नव्हतं. म्हणून उत्तरेची वाट धरली. मार्टिनिक आणि ग्वाडलूप फ्रान्सचे भाग आहेत, तिथे युरोपीय संघाचे नियम लागतात. ते लांबलचक आहेत, पण लेखी आणि स्पष्ट आहेत.

कामं या क्रमानेच करा:

पहिलं, मायक्रोचिप. १५ अंकी, आयएसओ प्रमाणाची. दुसरं, रेबीजची लस, आणि ती चिप बसवल्यानंतरच. लस आधी आणि चिप नंतर झाली असेल तर ती लस धरली जात नाही, पुन्हा टोचावी लागते. बहुतेक लोक इथेच अडकतात, कारण पिल्लाला लस लहानपणीच दिलेली असते आणि चिपचं नंतर सुचतं. पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबावं लागतं.

तिसरं, रेबीजची रक्ततपासणी. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतात, आणि मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकी प्रतिपिंडं दिसावी लागतात. अमेरिकेतून थेट फ्रेंच बेटावर येणाऱ्या कुत्र्याला ही तपासणी लागत नाही. पण मधे तुम्ही युरोपीय संघाच्या यादीत नसलेल्या एखाद्या बेटावर जाऊन परत फ्रेंच बेटावर येणार असाल तर लागते, आणि बोटीने फिरताना नेमकं हेच होतं. आम्हाला हे वेळेत कळलं ते बोटीवर कुत्रं पाळणाऱ्या एका जोडप्यामुळे. तपासणी करूनच ठेवा. भारतातून कुत्रं नेत असाल तर ती सक्तीचीच आहे, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. वर म्हटलेले चार महिने त्यासाठीच.

चौथं, आरोग्य प्रमाणपत्र. अमेरिकेत मान्यताप्राप्त पशुवैद्याने भरलेल्या कागदावर कृषी खात्याचा शिक्का लागतो, आणि शिक्क्यानंतर १० दिवसांच्या आत फ्रेंच बेटावर पोचायला हवं. विमान चुकलं तर कागद शिळा होतो, म्हणून दोन-तीन दिवसांचा वाव ठेवा. डॉमिनिकासाठी तिथल्या कृषी खात्याच्या पशुवैद्यकीय विभागाकडे अर्ज करून परवाना घ्यावा लागतो.

डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत, हे इथेच सांगतो. डॉमिनिका हे मार्टिनिक आणि ग्वाडलूप यांच्या मधलं छोटं बेट, उच्चार 'डॉमिनीका', जोर 'नी' वर. डॉमिनिकन रिपब्लिक हैतीच्या शेजारी, कित्येक शे मैल दूर. आमच्या पशुवैद्याच्या दवाखान्यात कागद भरणाऱ्या व्यक्तीने चिमीच्या प्रमाणपत्रावर सरळ डॉमिनिकन रिपब्लिक लिहिलं. रात्री जेवणानंतर मी फाइल चाळत होतो म्हणून दिसलं. निघायला सहा दिवस उरले होते. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दारात उभा राहिलो, नवा कागद केला, पुन्हा शिक्क्याला पाठवला. तो परत येईपर्यंत झोप लागली नाही. विम्याच्या आणि परवान्याच्या कागदावरही देशाचं नाव अक्षर न् अक्षर वाचा.

२. माणसांचे कागद

भारतीय पासपोर्टवर डॉमिनिकाला आगाऊ व्हिसा लागत नाही. मार्टिनिक-ग्वाडलूपचं मात्र नीट समजून घ्या: ही बेटं फ्रान्सची असली तरी शेंगेन क्षेत्रात नाहीत. पासपोर्टमध्ये साधा शेंगेन व्हिसा आहे म्हणून तिथे चालेल असं गृहीत धरू नका. फ्रान्सच्या या सागरापारच्या भागांसाठी वेगळा व्हिसा मागावा लागतो, अर्जातच तसं लिहावं लागतं. पुण्याहून आलेल्या मित्राने तो घेतला होता. त्याशिवाय वाटेत ज्या देशात विमान बदलायचं तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही आधी बघा.

दुसरी अडचण विमानतळावर येते. तुम्ही विमानाने येऊन बोटीने दुसऱ्या देशात जाणार असाल तर काउंटरवर परतीचं तिकीट मागतात. बोटीच्या नोंदणीची प्रत आणि 'ही व्यक्ती माझ्या बोटीवर खलाशी म्हणून येत आहे' असं कप्तानाचं सहीचं पत्र जवळ ठेवा. त्यावर भागलं नाही तर ऐनवेळी महागडं तिकीट काढावं लागतं. म्हणून, जमत असेल तर जिथे उतरलात तिथूनच परत उडा.

बोटीवर एका जलरोधक पिशवीत हे सगळं एकत्र असू द्या:

- पासपोर्ट आणि व्हिसाच्या तीन-तीन प्रती
- बोटीची नोंदणी आणि विमा (भाड्याची असेल तर करार)
- मागच्या बंदराचा निर्गमन दाखला
- खलाशांची यादी, पाच-सहा छापील प्रती
- कुत्र्याची चिप, लस, रक्ततपासणी, आरोग्य प्रमाणपत्र, परवाना. मूळ कागद आणि प्रती वेगळ्या

खलाशांच्या यादीत नाव असलेला माणूस मधेच विमानाने घरी जाणार असेल तर त्याचं नाव अधिकृतपणे कमी करून घ्या, नाहीतर पुढच्या बंदरात कप्तानाला जाब द्यावा लागतो.

३. कधी जायचं

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. या काळात पहिल्यांदा जाणाऱ्याने जाऊ नये. १८ सप्टेंबर २०१७ ला मारिया हे पाचव्या श्रेणीचं वादळ डॉमिनिकावर आदळलं तेव्हा बेटावर क्वचितच एखादं छप्पर शाबूत राहिलं. डिसेंबर-जानेवारीत व्यापारी वारे फार जोरात असतात, त्यांना तिथे 'ख्रिसमसचे वारे' म्हणतात. नवख्यांनी मार्च-एप्रिल धरावा.

४. बोट आणि सोबती

भाड्याने घेणार असाल तर पहिल्याच ई-मेलमध्ये कुत्र्याबद्दल विचारा. काही कंपन्या अजिबात नाही म्हणतात, काही जास्त अनामत घेऊन हो म्हणतात. होकार लेखी घ्या. ल मारँला भाड्याच्या बोटींचा मोठा ताफा आहे, त्यामुळे पर्याय मिळतात. बोट चालवणाऱ्याचा अनुभव विचारला जातो. आरवायए या ब्रिटिश संस्थेचा 'डे स्किपर' किंवा एएसए या अमेरिकन संस्थेचा १०४ सारखा बोट चालवण्याचा अभ्यासक्रम केलेला असला तर बोलणं सोपं होतं. कुणालाच पुरेसा अनुभव नसेल तर स्थानिक कप्तान घ्या, त्यात कमीपणा नाही.

एकच धड असलेली बोट वाऱ्यात कलते, दोन धडांची कॅटॅमरान फारशी कलत नाही. कुत्र्यासाठी कॅटॅमरान सोयीची, भाडं मात्र बरंच जास्त.

मित्रांबद्दल मनापासून सांगतो. २० वर्षांची मैत्री आणि १२ मीटरची बोट या वेगळ्या गोष्टी आहेत. निघण्याआधी एक संध्याकाळ बसून चार गोष्टी ठरवा: समुद्रावर शेवटचा शब्द कुणाचा (एकाचाच, आणि बंदरात पोचेपर्यंत वाद नाही), सामायिक खर्चाचा डबा कसा भरायचा, स्वयंपाक आणि भांडी कुणाकडे कधी, आणि कुत्र्याची जबाबदारी कुणाची. चिमी माझी, म्हणून ती माझी होती. तिच्यासाठी पहाटे किनाऱ्यावर जायचं ते मीच, पाऊस असला तरी. पण मी पाण्यात उतरलो असताना तिच्याकडे लक्ष कोण ठेवणार, हेही आम्ही नाव घेऊन ठरवलं होतं. 'कुणीतरी बघेल' यावर कुत्रं सोडू नका.

५. कुत्र्याला बोट शिकवणं

घरात शिस्तीने वाढलेलं कुत्रं बोटीवर शू करत नाही. त्याच्या दृष्टीने बोट हे घर असतं. पहिल्या दिवशी चिमीने १९ तास धरून ठेवलं. मी डेकवर पुढे हिरवळीची प्लॅस्टिकची चटई ठेवली होती, अगदी नवी कोरी. ती तिच्याभोवती फिरायची, वास घ्यायची आणि परत येऊन माझ्या पायाशी बसायची, कान मागे टाकून. शेवटी घरून आणलेला काथ्याचा तुकडा आठवला. दोन महिने अंगणात त्याच्यावर सवय केली होती आणि तो बॅगेच्या तळाशी राहिला होता. तो चटईवर टाकला. तिने एकदा हुंगलं, पाठ वाकवली, आणि आम्ही चौघं मोठी माणसं टाळ्या वाजवू लागलो.

तेव्हा घरापासूनच एका तुकड्यावर सवय करा, शब्द ठरवा, आणि तो तुकडा न धुता बरोबर आणा. तुकड्याला दोरी बांधून ठेवली की समुद्रात बुचकळून धुता येतो.

लाइफ जॅकेट पाठीवर पक्कं हँडल असलेलं घ्या. कुत्रं पाण्यात पडलं तर त्या हँडलनेच वर काढायचं असतं. घरी जॅकेट घालून, हँडलने उचलून बघा, शिवण टिकते का ते कळेल. बोटीच्या कठड्याला चारी बाजूंनी जाळी बांधा. शिडं उभारताना आणि नांगर टाकताना कुत्रं खाली केबिनमध्ये हवं, कारण तेव्हा दोऱ्या झटक्यात ताणल्या जातात.

कुत्र्यांनाही बोट लागते. लाळ गळणं, सारख्या जांभया देणं ही सुरुवात. मॅरोपिटंट हे औषध पशुवैद्याला विचारून आणा, आणि समुद्रावर पहिल्यांदा देण्याऐवजी घरी एकदा देऊन बघा. पाणी किलोमागे दिवसाला ५०-६० मिलिलिटर धरा, उन्हात त्याहून जास्त. पोहून आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुवा. कुत्र्याला खारं पाणी पिऊ देऊ नका, त्याने जुलाब लागतात.

६. खाणं

युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ फ्रेंच बेटांवर नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, तूप घरी ठेवा. कुत्र्याच्या साध्या खाण्यालाही हेच लागू आहे, त्यामुळे पोत्यावर पैसे घालू नका. मार्टिनिकच्या सुपरमार्केटमध्ये कुत्र्याचं खाणं मुबलक मिळतं. घरी आधी युरोपातल्या एखाद्या ब्रँडवर सवय करा, म्हणजे पोट बिघडणार नाही.

आम्ही पोहे, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि छोटा कुकर नेला. हलत्या बोटीवर कुकर उत्तम, झाकण बंद असल्यामुळे काही सांडत नाही. भाज्या बाजारात घ्या. मार्टिनिक-ग्वाडलूपमध्ये 'कोलोंबो' नावाचा मसाला मिळतो, त्यात हळद, धणे, मोहरी ओळखीची लागते. १८५३ पासून मार्टिनिकमध्ये आणि १८५४ पासून ग्वाडलूपमध्ये भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर आणले गेले, बरेचसे तमिळ, त्यांच्या हातची ही चव. त्या मसाल्यात केलेली बटाट्याची भाजी आम्ही तीनदा खाल्ली.

७. दोन बेटांच्या मधलं पाणी

हा भाग दोनदा वाचा.

वारा जवळजवळ कायम पूर्वेचा किंवा ईशान्येचा. बेटांच्या पश्चिम बाजूला डोंगरांच्या आड शांत असतं, कधी कधी शिडं लोंबकळतात. पण बेटाचं टोक संपलं की वारा आणि अटलांटिकच्या लाटा एकदम अंगावर येतात, आणि टोकाशी वारा आणखी जोर धरतो. अंदाजात १५ नॉट (म्हणजे ताशी १५ सागरी मैल) लिहिलं असेल तर तिथे २५ ची तयारी ठेवा. टोक यायच्या अर्धा तास आधी, शांत पाण्यात असतानाच, शीड कमी करा. आम्ही पहिल्यांदा 'बघू तरी' म्हणून पूर्ण शीड ठेवलं. मार्टिनिकचं उत्तर टोक मागे पडलं आणि पाच मिनिटांत बोट इतकी कलली की खाली बांधलेला भांड्यांचा खण उघडला आणि चिमी मित्राच्या मांडीवरून घसरून भिंतीशी गेली. लागलं नाही, पण पुढचे दोन तास ती थरथरत होती. शीड वेळेत कमी केलं असतं तर तिच्यावर ही वेळ आली नसती.

मार्टिनिकमधलं सँ-पिएर ते डॉमिनिकातलं रोझो साधारण ३५ सागरी मैल. सहा नॉटने सहा तास. उजाडताच निघा, दुपारी पोचा. अंधारात अनोळखी बंदरात शिरू नका.

सँ-पिएरला नांगर टाकताना काळजी घ्या: उथळ पट्टा अरुंद आहे आणि पुढे तळ झपकन खोल जातो. तळाशी जुनी जहाजंही आहेत. ८ मे १९०२ ला पेले ज्वालामुखीने हे शहर काही मिनिटांत जाळलं, सुमारे २८,००० माणसं गेली, बंदरातली जहाजं बुडाली. नांगर धरला की नाही ते पाण्यात उतरून डोळ्यांनी बघा.

पश्चिम किनाऱ्यांवर मासे पकडायच्या पिंजऱ्यांचे तरंगते डबे जागोजागी असतात, कधी बिसलेरीसारखी नुसती रिकामी बाटली. त्यांची दोरी बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकली की इंजिन बंद. आमची अडकली. कप्तान दातात सुरी धरून खाली गेला आणि २० मिनिटांनी वर आला. इंजिनावर चालताना एकाने पुढे उभं राहायचंच, आणि धारदार सुरी व पाण्याखालचा चष्मा हाताशी असू द्यायचा.

मुंबईत बोट शिकलेल्यांसाठी खास: आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डावीकडे ठेवतात, कॅरिबियनमध्ये उजवीकडे. हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सुकाणूजवळ चिकटवा.

परतीच्या शेवटच्या टप्प्याला वेळ राखून ठेवा. मार्टिनिकच्या दक्षिण किनाऱ्याने डायमंड रॉकपासून ल मारँकडे जाताना वारा आणि प्रवाह दोन्ही समोरून येतात. नकाशावर दोन तासांचं अंतर, आम्हाला पाच लागले.

८. बंदरात पोचल्यावर

नवीन देशात पोचलात की पिवळा झेंडा चढवा. कागद पूर्ण होईपर्यंत कप्तानाशिवाय कुणीही उतरायचं नाही, कुत्र्याने तर नाहीच. कागद झाल्यावर पिवळा उतरवून त्या देशाचा झेंडा लावायचा.

फ्रेंच बेटांवर हे काम सोपं आहे: ठरलेल्या दुकानात किंवा बंदर कार्यालयात संगणकावर स्वतःच माहिती भरायची, छापायची, शिक्का घ्यायचा. डॉमिनिकात कस्टम्स कार्यालयात जावं लागतं, शनिवार-रविवारी जादा शुल्क पडतं. तिथे पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो, एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर १९७६ पासून तोच आहे.

डॉमिनिकातल्या पोर्ट्समथच्या प्रिन्स रुपर्ट उपसागरात शिरलात की स्थानिक नावाडी भेटायला येतात. त्यांची संघटना आहे, बोट बांधायला बोया देतात, रात्री गस्त घालतात. त्यांना टाळू नका, नाव विचारा, नमस्कार करा. आमच्या नावाड्याने पशुवैद्याच्या कार्यालयात फोन लावून दिला आणि इंडियन नदीवरही नेलं. त्या नदीत इंजिनाला बंदी आहे, वल्ह्यांनीच जायचं, दोन्ही काठांना मुळांच्या भिंती. चिमी नावेच्या पुढच्या टोकाशी बसून खेकड्यांकडे बघत होती, एकदाही भुंकली नाही.

९. किनाऱ्यावर कुत्रं

मँचिनील नावाचं झाड ओळखायला शिका. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, वाळूवर पडलेलं असतं, आणि विषारी आहे. चीकही भाजतो, पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तरी कातडीवर फोड येतात. फ्रेंच बेटांवर पुष्कळदा खोडाला लाल पट्टा मारलेला असतो, पण सगळीकडे नाही. किनाऱ्यावर कुत्रं पट्ट्यावरच ठेवा आणि पडलेलं काहीही तोंडात घेऊ देऊ नका.

अनेक फ्रेंच समुद्रकिनाऱ्यांवर कुत्र्यांना मनाई आहे, पाटी वाचा. दुपारी वाळू तापते, पंजे पोळतात, म्हणून फेरी पहाटे आणि सूर्यास्तानंतर. डासांमुळे हृदयातल्या जंतांचा धोका आहे. त्याची आणि गोचिडांची औषधं घरून चालू करूनच निघा.

१०. परतीचं

१ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत येणारं कुत्रं किमान सहा महिन्यांचं आणि चिप असलेलं लागतं, आणि सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा) ऑनलाइन फॉर्म भरून त्याची पावती दाखवावी लागते. मागच्या सहा महिन्यांत कुत्रं रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशात गेलेलं असेल तर कागद वाढतात, आणि भारत त्या यादीत आहे. फॉर्म बोटीवर असतानाच, चांगलं नेटवर्क मिळेल त्या बंदरात भरा. मी तो ले सँतच्या धक्क्यावर बसून भरला, पावतीचा फोटो चौघांच्या फोनवर पाठवला, आणि छापील प्रत ल मारँला घेतली. मायामीला अधिकाऱ्याने ती छापील प्रतच मागितली, कारण माझ्या फोनची बॅटरी विमानातच संपली होती.